पर्यायी इंग्रजी शब्दांची निवड : रोहिणखेडच्या लढाईच्या निमित्ताने

एका मराठी शब्दापुढे कोशात चार-पाच इंग्रजी प्रतिशब्द आढळले, म्हणजे त्यांपैकी कोणताही घ्यावा आणि पुनरुक्ती टळावी म्हणून पुढील वाक्यात दुसरा योजावा, अशी समजूत इंग्रजीतून प्रबंध लिहिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांत रूढ आहे. ही समजूत भाषेइतकीच संशोधनालाही बाधक आहे, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

या समजुतीचे मूळ कोशाच्या दिशेत आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला. त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती 1857 ची. तो मुख्यतः मराठी वाचू पाहणाऱ्या इंग्रजांसाठी रचलेला होता. त्या वाचकाला इंग्रजी शब्दांतील भेद जन्मतःच अवगत असल्याने प्रतिशब्दांची रांग त्याला पुरेशी होती. संदर्भ पाहून तो योग्य शब्द निवडी. मराठी लेखक त्याच रांगेकडे उलट बाजूने येतो, आणि जे भेद कोशकाराने गृहीत धरले, नेमके तेच त्याला हवे असतात. मेजर कँडीने पूर्ण केलेल्या 1847 च्या इंग्रजी-मराठी कोशानेही ही अडचण सुटत नाही. कारण ‘बॅटल’ आणि ‘फाइट’ या दोहोंना मराठीत ‘लढाई’ हा एकच शब्द लागू पडतो. हा कोशकारांचा दोष नव्हे. कोशाचे प्रयोजन न ओळखणाऱ्या वापराचा तो दोष आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेडचे उदाहरण घेऊ. 1437 साली बहमनी सरदार खलफ हसन याने खान्देशच्या नसीरखानाचा येथे पराभव केला. नसीरखानाने माघार घेऊन लळिंगचा किल्ला गाठला. मराठीत ही ‘रोहिणखेडची लढाई’. इंग्रजीत तिला ‘वॉर’ म्हणता येणार नाही. ‘वॉर’ हा बहमनी आणि खान्देश यांच्यामधील समग्र संघर्ष, रोहिणखेड हा त्यातील एक प्रसंग. मराठीत ‘लढाई’ दोन्हीकडे चालते, ‘लढाईच्या काळात महागाई वाढली’ असेही आपण म्हणतो. म्हणूनच येथे घसरण होते. कसोटी सोपी आहे : इंग्रजीत ‘वॉर’ घोषित करता येते, ‘बॅटल’ करता येत नाही. ‘स्कर्मिश’ म्हणजे तुकड्यांची चकमक. तो शब्द योजला तर प्रसंगाचे महत्त्व घटते. ‘राउट’ म्हणजे दाणादाण. त्यात लढाईचा निकालही येतो, आणि तो योजणाऱ्यावर पराभूत सैन्य विस्कळीत होऊन पळाल्याचे प्रमाण देण्याची जबाबदारी येते. ‘बॅटल’ मात्र निकालाविषयी मौन पाळतो. तात्पर्य, यांपैकी प्रत्येक शब्द हे एक स्वतंत्र विधान आहे.

भेद सर्वत्र केवळ व्याप्तीचाच असतो असे नाही. ज्या साली मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती निघाली, त्याच सालच्या उठावाला ‘म्यूटिनी’ म्हटले की तो शिपायांच्या शिस्तभंगापुरता उरतो. ‘रिबेलियन’ म्हटले की प्रजा त्यात येते, पण राजसत्ता न्याय्य असल्याचे सूचित होते. सावरकरांच्या ग्रंथाच्या 1909 च्या इंग्रजी आवृत्तीने ‘वॉर ऑफ इंडिपेन्डन्स’ म्हणून ते गृहीतच नाकारले. पुनरुक्ती टाळण्यासाठी हे तिन्ही शब्द एकाच परिच्छेदात आलटून-पालटून वापरणारा प्रबंधकार नकळत तीन परस्परविरोधी मते मांडीत असतो.

इंग्रजांनाही या प्रश्नाची जाणीव होती. क्रॅबने 1816 साली समानार्थी शब्दांतील भेद विशद केले; रॉजेच्या 1852 च्या ग्रंथाने शब्द कल्पनेनुसार एकत्र आणले, पण त्यांतील भेद सांगितले नाहीत. पहिला ग्रंथ निवड शिकवितो, दुसरा आठवण करून देतो. दुसऱ्याकडून पहिल्याची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

शास्त्रीय गद्यात पुनरुक्ती हा दोष नाही, संदिग्धता हा दोष आहे. म्हणून शब्द निवडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : त्याची व्याप्ती किती? त्यात कोणाचा पक्ष गृहीत आहे? तो कोणत्या क्रियापदांशी नांदतो? या प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा कोशात मिळत नाहीत. ती साधनांत, म्हणजे ज्या घटनेविषयी लिहावयाचे तिच्या ज्ञानात असतात. ज्याला रोहिणखेडला काय घडले हे नीट ठाऊक नाही, त्याला तेथील लढाईसाठी योग्य इंग्रजी शब्द कोणताही कोश देऊ शकणार नाही.