अस्वल : कथेंतलें आणि शेजारचें

अस्वल माणसास गुदगुल्या करून मारतें, असें आपण लहानपणीं ऐकतों आणि जन्मभर विसरत नाहीं. आपल्या भाषेंत 'अस्वलाच्या गुदगुल्या' हा प्रयोगच रूढ आहे. उलट, मागच्या पिढ्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें तें अस्वल दरवेश्याच्या दोरीवर नाचणारें. बांधलेलें अस्वल हंसण्याजोगें आणि मोकळें अस्वल मारण्याजोगें. ह्या दोहोंमधलें, आपल्या वाटेनें जाणारें अस्वल आपल्या कल्पनेंत क्वचितच येतें. आपलें अस्वल आणि अमेरिकेंतील काळें अस्वल ह्या दोन निराळ्या जाती होत; परंतु कल्पनेची ही कोंडी दोहींकडे सारखीच आहे. ती फोडण्याचा एक थोर प्रयत्न म्हणून विल्यम फॉक्नर ह्याच्या 'दि बेअर' ह्या दीर्घकथेकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. १९४२ सालच्या 'गो डाउन, मोझेस' ह्या पुस्तकांत ती आहे.

कथेची भूमि मिसिसिपी राज्यांतील सखल, पाणथळ रानाची. त्याच राज्यांत नोव्हेंबर १९०२ मध्यें राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट शिकारीस गेले होते. होल्ट कॉलियर ह्या वाटाड्यानें एक काळें अस्वल पकडून झाडास बांधून ठेविलें. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडणें रूझवेल्ट ह्यांस रुचलें नाहीं. क्लिफर्ड बेरीमन ह्या चित्रकारानें त्यावर व्यंगचित्र काढलें, आणि त्यांतून 'टेडी' हें खेळण्यांतलें अस्वल जन्मास आलें. यातना संपवाव्या म्हणून तें घायाळ जनावर शेवटीं सुऱ्यानें मारण्यांत आलें, ही हकीकत मात्र खेळण्याबरोबर घरोघर पोंचली नाहीं. दयेची गोष्ट उरली. अस्वल उरलें नाहीं.

फॉक्नरचें 'ओल्ड बेन' हें अस्वल खेळणें नव्हे. सापळ्यांत अडकून त्याचा एक पंजा अधू झाला आहे. कणग्या फोडणें, डुकरें-वासरें ओढून नेणें ह्या त्याच्या कागाळ्या साऱ्या मुलुखांत पसरल्या आहेत. आयझॅक मॅकास्लिन हा मुलगा त्याला पाहण्यासाठीं रान पालथें घालतो, पण अस्वल दिसत नाहीं. त्याचा रानांतला गुरु सॅम फादर्स त्याला सांगतो, कीं आड येते ती बंदूक. मुलगा बंदूक तळावर ठेवून निघतो. तरीही अस्वल नाहीं. मग त्याला उमगतें, कीं घड्याळ आणि होकायंत्र अजून आपल्याजवळ आहेत. तीं तो एका झुडपास अडकवितो, सापांसाठीं घेतलेली काठीही तेथेंच ठेवतो, आणि वाट चुकतो. अखेरीस ओल्या मातींत ताजा पंजा उमटलेला दिसतो. त्यांत पाणी झिरपत असतें. त्या मागानें जातां जातां तो आपल्याच घड्याळापाशीं येतो, तों तेथें अस्वल! तें त्याच्याकडे क्षणभर पाहतें आणि रानांत विरून जातें.

आमच्या मतें हा प्रसंग कथेचा कळस आहे. मुलाची भीति लेखकानें लपविली नाहीं. पण भीतीचें रूपांतर त्यानें आदरांत केलें आहे. भेट ही हिसकावून घ्यावयाची वस्तु नसून पदरांत पडावयाची आहे, हें येथें उपदेशावांचून कळतें.

पुढें मात्र कथा शिकारीच्या जुन्या वाटेस लागते. 'लायन' नांवाचा कुत्रा अस्वलास भिडतो, बून हॉगनबेक सुरा खुपसतो. ओल्ड बेन मरतो आणि सॅमही फार जगत नाहीं. चौथ्या भागांत आयझॅक कुटुंबाच्या जुन्या चोपड्यांतून गुलामगिरीचें पाप वाचतो व वारशाची जमीन नाकारतो. १९५५ सालच्या 'बिग वुड्स' ह्या शिकारकथांच्या संग्रहांत फॉक्नरनें हा भाग गाळला. त्यानें कथा सुटसुटीत झाली असेल, पण तिचें मर्म हरपलें. शेवटीं लाकूडकंपनीस विकलेल्या रानांत बून झाडाखालीं मोडकी बंदूक ठोकीत बसतो, आणि वरच्या खारी आपल्याच आहेत म्हणून ओरडतो. मालकीच्या ह्या वेडाचें मूळ चौथ्या भागांतच आहे.

आमची तक्रार निराळी आहे. फॉक्नरला दर्शन ठाऊक आहे, मरण ठाऊक आहे. शेजार ठाऊक नाहीं. ह्या प्रदेशांतील रानें शेतीसाठीं तुटलीं हें खरें. परंतु अस्वल मेलें नाहीं. १९९२ सालीं संकटग्रस्त ठरविलेलें लुइझियानाचें काळें अस्वल २०१६ सालीं त्या यादींतून वगळण्यात आलें. शोकगीत गाऊन झालें, आणि ज्याच्यासाठीं तें गाइलें तो दाराशीं उभा!

त्याच्याशीं वागावें कसें? स्टीफन हेरेरो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणें १९०० ते २००९ ह्या काळांत संयुक्त संस्थानें व कॅनडा मिळून रानांतल्या काळ्या अस्वलांनीं ६३ माणसें मारलीं. आणि पिलांच्या आईपेक्षां एकट्या नराचेंच भय अधिक निघालें. रोजचें भांडण मात्र उघड्या कचरापेटीवरून, पक्ष्यांसाठीं टांगलेल्या दाण्यांवरून, मोटारींत ठेवलेल्या फराळावरून होतें. माणसाच्या अन्नास चटावलेलें अस्वल धीट होतें आणि बहुधा गोळीस बळी पडतें. टेडीच्या प्रेमानें खाऊ घालणारा हातही त्याच्या मरणास कारण होतो.

कचरापेटीस घट्ट झांकण लावणें ह्यांत काव्य नाहीं, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. मुलानें घड्याळ झुडपास अडकविलें, तसाच हाही आपल्या सोयीचा थोडा त्याग आहे. फरक इतकाच, कीं तो एकदां करून भागत नाहीं, रोज संध्याकाळीं करावा लागतो. विदर्भांत पहांटे मोहफुलें वेंचावयास जाणाऱ्या बायकांना अस्वलाचा असा शेजार परका नाहीं. त्या भीतीची आणि त्या सावधपणाची कथा कोणी मराठींत मनापासून लिहील, तर गुदगुल्यांच्या पलीकडचें अस्वल आपल्या साहित्यांत येईल.