तीन अटींची शिकवण

वर्ध्याजवळील सेवाग्रामात तरुण कनू गांधी (१९१७–१९८६) छायाचित्रण शिकले ते बापूंच्या तीन अटींवर: फ्लॅश नको, पोझ मिळणार नाही, आश्रम खर्च देणार नाही. घनश्यामदास बिर्लांच्या शंभर रुपयांतून कॅमेरा आला. आमच्या मते, या अटींनीच विद्यार्थी घडविला. फ्लॅश नाही म्हणून खिडकीचा प्रकाश ओळखावा लागला, पोझ नाही म्हणून थांबावे लागले, पैसा नाही म्हणून फिल्म जपावी लागली. काही छायाचित्रे अंधुक आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु परचुरे शास्त्री या कुष्ठरुग्णाची शुश्रूषा करतानाचे छायाचित्र पाहावे. बापूंचे लक्ष रुग्णाकडे आहे, कॅमेऱ्याकडे नाही. म्हणूनच ते खरे व्यक्तिचित्र ठरते. कॅमेरा हाती घेणाऱ्या आपल्या मुलामुलींनी अशी कठोर टीका आवर्जून मागावी.