टाळी आणि निकष

अमरावतीत १९३२ साली जन्मलेल्या सुरेश भटांची गझल ‘रंग माझा वेगळा’ (१९७४), ‘एल्गार’ (१९८३) या संग्रहांमधून सर्वदूर पोचली, तेव्हा काही समीक्षकांनी ‘मैफली’ हे विशेषण दोषवाचक ठरविले. चाहत्यांनी उत्तरादाखल लोकप्रियता पुढे केली. मूळ प्रश्न दोन्ही पक्षांनी टाळला. शेराची पहिली ओळ अपेक्षा निर्माण करते. दुसरी ती काफिया-रदीफपाशी पूर्ण करते. म्हणजेच श्रोता हा या रचनेचाच घटक होय. ‘गझलेची बाराखडी’ लिहून भटांनी तपासणीची साधनेही पुरविली होती. मराठी रॅपविषयी बोलताना हाच पेच पुन्हा उद्भवतो. यमक, श्वास आणि ठेका न तपासता दिलेला निवाडा, मग तो गौरवाचा असो वा धिक्काराचा, समीक्षा ठरत नाही.