जात्यावरची चाल आणि तबकडीवरची

खान्देशचं म्हणावं असं जे गाणं साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी बसलं, ते 'मानिनी'तलं 'अरे संसार संसार'. साल १९६१. दिग्दर्शक अनंत माने, संगीत वसंत पवार, आवाज सुमन कल्याणपूर यांचा. याच माने-पवार जोडीने दोन वर्षं आधी 'सांगत्ये ऐका' केला होता. त्यातली माडगूळकरांची 'बुगडी' ही लावणी आशा भोसले यांच्या आवाजात गल्लीबोळांत पोचली आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये तो चित्रपट १३१ आठवडे चालला. लावणीवर एवढी हुकमत असलेल्या संगीतकाराच्या हाती जळगावच्या शेतकरी बाईचे शब्द आले, आणि त्याने लावणीचा ठसका सरळ बाजूला ठेवला. त्या गाण्याचं निम्मं यश मला या एका निर्णयात दिसतं.

पण ती चाल बहिणाबाईंची नव्हे, हे आपण विसरून गेलो आहोत. बहिणाबाई चौधरी १८८० साली असोद्याला महाजनांच्या घरी जन्मल्या, तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावला आल्या, तिशीतच विधवा झाल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. दळताना, शेतात राबताना त्या जे म्हणत ते मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवलं. ३ डिसेंबर १९५१ला त्या गेल्या. मग सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' छापून आलं. सोपानदेव स्वतः कवी, पण कवीच्या वहीतसुद्धा शब्दच उतरतात. सूर, हेल, घास टाकताना घेतलेला दम, जातं जड झाल्यावर लांबलेलं अक्षर यांतलं काही कागदावर आलं नाही. संग्रहाच्या नावात 'गाणी' आहेत, हाती मात्र कविता आल्या. पवारांनी त्यांना पुन्हा गाणं केलं. नऊ वर्षं मध्ये गेली होती, आणि जातं मध्ये नव्हतं.

हे जमलं कसं, याचं उत्तर छंदात आहे. बहिणाबाईंची ओळ बहुतेकदा आठ अक्षरांची. ओढून म्हटली तरी ती टिकते, ठेक्यात बसवली तरी मोडत नाही. पुढे यशवंत देव यांनी उत्तरा केळकरांकडून हीच गाणी वेगळ्या चालींवर गाऊन घेतली, तेव्हाही शब्दांनी कुरकुर केली नाही. म्हणूनच एखादी चाल 'अस्सल' आणि दुसरी 'बनावट' असा वाद मला फोल वाटतो. दोन्ही बनवलेल्याच आहेत. फरक इतकाच की १९६१ची आधी कानावर पडली, म्हणून आता तीच परंपरा वाटते.

भाषेचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. बहिणाबाईंना सर्रास 'अहिराणी कवयित्री' म्हणतात. ते चूक आहे. जळगाव, भुसावळ, यावल, रावेर, फैजपूर या पट्ट्यातली लेवा गणबोली त्यांची. तिच्यात डोळ्याचा 'डोया' होतो, मला म्हणायचं तर 'माले' म्हणतात. 'माझी माय सरसोती'मध्ये हे 'माले' जागच्या जागी आहे. 'संसार'मध्ये मात्र 'हाताले' न येता 'हाताला' येतं, आणि सगळ्यांत जास्त गाजलं तेही तेच गाणं. यावरून लगेच निष्कर्ष काढायला नको. 'खोप्यामधी खोपा'त 'तुले' शाबूत आहे आणि ते पुण्या-मुंबईच्या कानाला गोडच लागलं. म्हणजे बोलीचा चिमूटभर वास चालतो, पण अर्थ अडता कामा नये, अशी त्या काळच्या बाजाराची अट होती. लेवा बोली ती अट पुरी करू शकत होती.

अहिराणीला ते शक्य नव्हतं. धुळे, साक्री, शिरपूर, अमळनेर, पारोळा या भागातली ही भाषा. 'मन्हा' म्हणजे माझा, 'शे' म्हणजे आहे. पुण्यातल्या श्रोत्याला दुसऱ्याच ओळीला दुभाष्या लागेल. तिच्याजवळ गाणी कमी होती असं मुळीच नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावरची गौराईची गाणी, श्रावणात कानबाई देवीची, लग्नात हळदीची, आणि पुरुषांच्या मेळ्यांत रात्र जागवणारं वहीगायन. पण पन्नास-साठच्या दशकात मुंबईला जायचं तर वाटाड्या लागे: घरात लिहिणारा मुलगा, प्रस्तावना लिहिणारा अत्रे, चाल लावणारा पवार. ही साखळी अहिराणीच्या वाट्याला आली नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवणाऱ्या साने गुरुजींची 'खरा तो एकचि धर्म' ही प्रार्थना शाळाशाळांत पोचली, पण तिची भाषा शिष्ट मराठी. तिच्यात अमळनेर ऐकू येत नाही.

आता गंमत अशी की चित्र उलटं झालं आहे. आज मोबाइलवर वाजणारं खान्देशी गाणं अहिराणी आहे. 'हाई झुमका वाली पोर' ज्या वरातींत वाजलं त्यांतल्या कितीतरी वरातींना अहिराणीचा गंधही नव्हता. कुणी वाटाड्या लागला नाही, अर्थ कळला नाही तरी पाय थांबले नाहीत. याचा मला आनंदच आहे. ज्या भाषेत बोलायला शिकलेली पोरं लाजत होती, तिच्यात आता ती उघड गातात. गाण्यांचा दर्जा हा वेगळा मुद्दा. बरीचशी एकाच ठेक्यावर, एकाच की-बोर्डवर बेतलेली असतात. पोरगी, तिचा दागिना, तिच्या मागे फिरणारा पोरगा, यापलीकडे विषय जात नाही. बहिणाबाईंच्या एका कवितेत पेरणीपासून खळ्यापर्यंत जेवढा खान्देश मावतो, तेवढा या गाण्यांच्या अख्ख्या ढिगात सापडत नाही.

खरी हानी मात्र तिसऱ्याच जागी चालली आहे. कानबाईची गाणीही आता डीजेच्या वेगाने भरली जातात, कारण विसर्जनाच्या मिरवणुकीत तीच चालतात. पण कानबाई बसते ती नागपंचमीनंतरच्या रविवारी, आणि त्या रात्रीच्या जागरणात बायका जी संथ, ठेक्याविना गाणी म्हणतात त्यांना मिरवणुकीत जागा नाही. त्यांना ना वही मिळाली ना कॅमेरा. सोपानदेवांना चाल टिपता आली नाही, कारण त्यांच्याजवळ फक्त पेन्सिल होती. आज रोटाचा प्रसाद घ्यायला जमलेल्या प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर असतो, आणि तो सोमवारी सकाळी मिरवणूक निघाल्यावरच बाहेर येतो.