अमर शेख : गाजलेला आवाज, न वाचलेला कवी

मुस्लिम मराठी साहित्याची परंपरा सांगताना आपण शेख महंमदांपासून सुरुवात करतो आणि शाहीर अमर शेखांचे नाव अभिमानाने घेतो. पण ज्याचे नाव इतक्या वेळा घेतले जाते, त्याची कविता मात्र क्वचितच उघडली जाते.

२० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीत जन्मलेला मेहबूब हुसेन पटेल गरीब घरातला. आई मुनेरबीच्या तोंडच्या लोकगीतांवर त्याचा कान तयार झाला. बसचा क्लीनर, गिरणी कामगार, संप, तुरुंग असा प्रवास करीत तो कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या स्टुडिओत पोहोचला आणि तिथे ‘अमर शेख’ झाला.

या नावाकडे नीट पाहिले पाहिजे. १९४४ साली युसूफ खान पडद्यावर आला तो दिलीपकुमार होऊन. फ्रान्समध्ये मजुरी करून वाढलेला इटालियन मुलगा इव्हो लिव्ही हा ईव्ह मोंताँ या नावाने गायक आणि नट म्हणून गाजला. दिलीपकुमार या नव्या नावात जुन्याची खूण उरली नाही. अमर शेखांनी मात्र ‘शेख’ ठेवला आणि त्याच नावाने अण्णाभाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्यासोबत ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या डफावर मराठी माणूस पेटून उठला, तेव्हा गाणाऱ्याचा मजहब कोणी विचारला नाही.

नट म्हणून त्यांची कसोटी मधुकर पाठक यांच्या ‘प्रपंच’मध्ये (१९६१) लागली. सुलोचनाबाईंसोबत ते संसाराच्या ओझ्याखाली दबलेला कुंभार झाले. या चित्रपटातले कुंभाराच्या चाकाचे गाजलेले गीत माडगूळकरांचे आणि आवाज सुधीर फडके यांचा. मैदान गाजवणाऱ्या शाहिराला इथे आवाज घरातल्या चार माणसांपुरता उतरवावा लागला. बुलंद आवाजाच्या आड एक अबोल, सोसणारा माणूसही होता, हे या भूमिकेने दाखवले.

कवी अमर शेखांचा न्याय मात्र अजून व्हायचा आहे. आचार्य अत्र्यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटले. पण अशी पदवी दिली की वाचनाची जबाबदारी संपली असे होऊ नये. सभेत जी पुनरुक्ती टाळ्या घेते, ती छापील पानावर कधी कधी जड होते, हेही प्रामाणिकपणे सांगावे. ‘कलश’ (१९५८) आणि ‘धरतीमाता’ (१९६३) हे संग्रह घोषणांच्या पलीकडे जाऊन वाचले, तरच त्यातले सोने आणि माती वेगळी करता येईल. २९ ऑगस्ट १९६९ रोजी अपघाती मृत्यूने आवाज थांबला. कागदावरचे शब्द मागे राहिले.

नागपुरात उर्दू माध्यमाच्या वर्गात मराठी हा अनेक मुलांना परक्याचा विषय वाटतो. घरात उर्दू, बाजारात हिंदी, मराठी फक्त परीक्षेपुरती. विदर्भात संयुक्त महाराष्ट्राविषयी पूर्वीपासून दोन मते आहेत, त्यामुळे त्या लढ्याच्या आठवणीही इथे सरसकट चालत नाहीत. म्हणून या मुलांसमोर अमर शेखांची तसबीर ठेवून भागणार नाही; त्यांची कविता ठेवावी लागेल. मुनेरबीच्या मुलाने मराठी कोणाकडून उसनी घेतली नव्हती. ती त्याला आईकडून मिळाली होती.