पेपर वाचूया: बेलारूसमध्ये आई घरीच होती

स्तनपानासाठी आईला मदत केली तर फरक पडतो का, या विषयावरचा कुठलाही प्रबंध किंवा शोधप्रस्ताव उघडा, पहिल्या दोन-चार पानांत एक नाव बहुतेक भेटतंच: प्रोबिट. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे मायकेल क्रेमर आणि सहकाऱ्यांनी बेलारूसमध्ये केलेली ही चाचणी २००१ साली 'जामा'मध्ये छापून आली. ३१ प्रसूती रुग्णालयं आणि त्यांना जोडलेले दवाखाने, १७,०४६ आई-बाळाच्या जोड्या. पेपर खरोखर चांगला आहे. माझी तक्रार तो ज्या वाक्यांच्या शेवटी कंसात टाकला जातो, त्या वाक्यांबद्दल आहे. पण त्यासाठी आधी पेपर नीट कळायला हवा.

अडचण अशी की, कुठल्या बाळाला अंगावर पाजायचं आणि कुठल्या बाळाला वरचं दूध द्यायचं, हे नाणं उडवून ठरवता येत नाही. नैतिकदृष्ट्या नाही आणि व्यवहारातही नाही. मग नुसतं निरीक्षण करायचं म्हटलं, तर जास्त काळ पाजणाऱ्या माता शिक्षणाने, पैशाने, घरातल्या आधाराने आधीच वेगळ्या असतात. बाळाची तब्येत दुधामुळे सुधारली की घरामुळे, हे सांगता येत नाही. क्रेमर यांनी यातून काढलेली वाट अजूनही शिकण्यासारखी आहे. त्यांनी स्तनपान वाटून दिलं नाही, मदत वाटून दिली. तीही एकेका आईला नाही, तर अख्ख्या रुग्णालयाला. चिठ्ठीत निघालेल्या रुग्णालयांतल्या डॉक्टर-नर्सना जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या 'बालस्नेही रुग्णालय' कार्यक्रमानुसार प्रशिक्षण मिळालं: बाळाला छातीशी कसं धरायचं, वेळापत्रकाऐवजी मागेल तेव्हा कसं पाजायचं, दूध कमी वाटलं तर काय करायचं. बाकीच्या रुग्णालयांत पूर्वीचीच पद्धत चालू राहिली. (सुरुवातीला जागा ३४ होत्या. गळालेल्या तीनपैकी एक जागा आकडे बनवून भरल्याचं लक्षात आल्यामुळे काढावी लागली. फील्डवर्क करणार असाल तर ही ओळ लक्षात ठेवा.)

निकाल मोठा होता. तिसऱ्या महिन्यात निव्वळ स्तनपानावर असलेली बाळं मदतीच्या गटात ४३.३ टक्के, दुसऱ्या गटात ६.४ टक्के. वर्षभरानंतरही थोडंफार अंगावर पिणारी १९.७ विरुद्ध ११.४ टक्के. पहिल्या वर्षात पोटाचा संसर्ग झालेली बाळं ९.१ विरुद्ध १३.२ टक्के.

इथे वाचणाऱ्यांची पहिली चूक होते. 'स्तनपान घेणाऱ्या बाळांत जुलाब ९.१ टक्के आणि न घेणाऱ्यांत १३.२' असं मी सेमिनारमध्ये ऐकलेलं आहे. ते तसं नाही. अभ्यासात घेतलेल्या सगळ्याच मातांनी पाजायला सुरुवात केलेली होती. हे आकडे दोन प्रकारच्या रुग्णालयांचे आहेत, दोन प्रकारच्या दुधाचे नाहीत. पहिल्या गटातही तिसऱ्या महिन्यात निम्म्याहून जास्त बाळं निव्वळ स्तनपानावर नव्हती, तरी ती त्याच गटात मोजली जातात, कारण चिठ्ठी निघाली त्याच गटात शेवटपर्यंत मोजायचं, हा नियम आहे. तो नियम मोडला की रँडमायझेशनचा सगळा फायदा गेला.

दुसरी चूक जास्त खोल आहे आणि माझ्या मते जास्त नुकसान करणारी.

बेलारूसमध्ये त्या काळी बाळंतिणीला तीन वर्षांची रजा होती. अभ्यासात आलेली माता, मग ती कुठल्याही गटातली असो, तीन-चार महिन्यांच्या बाळाला घरी ठेवून सकाळी कारखान्यात किंवा शाळेत जात नव्हती. म्हणजे 'कामावर परतणं' हा प्रश्न या अभ्यासात सोडवलेला नाही आणि विचारलेलाही नाही. हा संशोधकांचा दोष नाही. पण आपल्याकडे नोकरदार मातांवरच्या प्रस्तावात 'समुपदेशनाने स्तनपानाचा कालावधी वाढतो' असं वाक्य येतं आणि पुढे कंसात प्रोबिट. ते वाक्य खरं आहे, पण आई घरी असेल तेव्हा खरं आहे.

पद्धतीच्या भाषेत सांगायचं तर, दोन्ही गटांत जे सारखंच आहे त्याचा परिणाम त्या चाचणीत दिसूच शकत नाही. रजा दोन्हीकडे होती, म्हणून निकालाच्या तक्त्यात रजेची ओळ नाही. तक्त्यात ओळ नाही, म्हणून वाचणाऱ्याला वाटतं की रजेचा काही संबंध नाही. खतावर प्रयोग करताना दोन्ही वाफ्यांना सारखंच पाणी दिलं, म्हणून पिकाला पाणी लागत नाही असं कोणी म्हणणार नाही. इथे मात्र आपण नेमकं तेच म्हणतो. पेपर वाचताना 'दोन गटांत काय वेगळं होतं' हे सगळेच शोधतात. 'काय सारखं होतं' हे पेन्सिलीने वेगळं लिहून काढायची सवय लावा. ते बहुतेक वेळा पद्धती विभागातल्या, कंटाळवाण्या वाटणाऱ्या एखाद्या परिच्छेदात लपलेलं असतं.

मग कामाच्या जागेवर काय उपयोगी पडतं, याचे पुरावे किती? कॉक्रेनचे दोन आढावे शेजारी ठेवून बघा. स्तनपान करणाऱ्या मातांना एकंदर मदत देण्यावरचा २०१७ चा आढावा १०० चाचण्यांचा आहे. नोकरी करणाऱ्या मातांसाठी कामाच्या जागी केलेल्या उपायांवरचा आढावा २००७ साली आला, २०१२ मध्ये पुन्हा तपासला गेला. त्यात किती चाचण्या सापडल्या? शून्य. आढाव्याच्या निकषांत बसणारी एकही नाही. रिकामा आढावा हाही निकालच असतो, पण तो आपल्याबद्दलचा, संशोधकांबद्दलचा निकाल आहे. 'पुरावा सापडला नाही' याचं 'उपयोग होत नाही' असं भाषांतर करणारा एखादा तरी माणूस प्रत्येक समितीत असतो. त्याला हा फरक सांगायला शिका, नाहीतर पाळणाघराचं बजेट त्या एका वाक्यावर कापलं जातं.

रँडमाइज्ड चाचणी नसेल तर काहीच कळत नाही असंही नाही. कॅनडात २००० सालच्या अखेरीस पालकांची रजा साधारण सहा महिन्यांवरून वर्षभरापर्यंत वाढली. ३१ डिसेंबरच्या आसपास रेघ ओढली गेली: अलीकडे जन्मलेल्या बाळांच्या आईला जुनी रजा, पलीकडच्यांना नवी. बेकर आणि मिलिगन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये या रेघेचा उपयोग केला. पहिल्या वर्षातला स्तनपानाचा कालावधी एक महिन्याहून जास्त वाढला आणि सहा महिने निव्वळ स्तनपान करणाऱ्यांचं प्रमाण आठ-नऊ टक्क्यांच्या आसपास वर गेलं. बाळांच्या आरोग्यात मात्र त्यांना फारसा फरक दिसला नाही. ही दुसरी ओळ लोक उद्धृत करत नाहीत. तुम्ही करा.

आणि 'हे सगळं परदेशातलं' असं कोणी म्हणालं तर हरियाणाकडे बोट दाखवा. भंडारी आणि सहकाऱ्यांनी ग्रामीण हरियाणात नेहमीच्याच आरोग्यसेविका, अंगणवाडी कार्यकर्त्या आणि दाया यांच्यामार्फत सल्ला पोचवला. तिसऱ्या महिन्यात निव्वळ स्तनपान ७९ विरुद्ध ४८ टक्के (लॅन्सेट, २००३). बोलणाऱ्या बाईने नीट बोललं तर आपल्याकडेही फरक पडतो, यात आता वाद नाही. पण आई दिवसातले नऊ तास बाळापासून लांब असेल, तर घरी येऊन बोलणाऱ्या ताईचा सल्ला कितपत पुरेल?

याचं शरीरशास्त्र सरळ आहे. स्तनात दूध साचून राहिलं की ते बनण्याचा वेग कमी होतो, रिकामं झालं की वाढतो. कामावर सात-आठ तास दूध काढलं नाही तर काही दिवसांत पान्हा आटायला लागतो. 'कामावर गेल्यापासून दूधच कमी झालं' असं बायका म्हणतात तेव्हा त्या बहाणा करत नसतात. म्हणजे तिला हवी असते दाराला कडी असलेली एक खोली, वीस-पंचवीस मिनिटं, तेवढ्या वेळात तिचं काम बघणारं कोणीतरी आणि दूध थंड ठेवायची सोय. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं, हे पत्रकावर छापलेलं असतं. त्या सूचनेतलं तापमान २५ अंशांपर्यंतचं आहे, हे सहसा छापलेलं नसतं. मे महिन्यातल्या नागपुरात २५ अंश कुठे मिळणार?

कायदाही गणित करून वाचा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. सहा महिने निव्वळ स्तनपानाची शिफारस आणि २६ आठवडे, हिशेब जुळल्यासारखा वाटतो. पण यातले आठ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. ज्या बाईला ते घ्यावे लागले तिच्याकडे नंतर उरतात १८, म्हणजे चार महिने. पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघर आणि दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा, हे कागदावर चांगलं आहे. ऊसतोडीला गेलेल्या बाईला यातलं काय लागू होतं, हे बीडकडच्या वाचकांना मी सांगायला नको. आणि तुम्ही स्वतः पीएचडीला येणार असाल तर, यूजीसीच्या नियमांत संशोधक विद्यार्थिनीला २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. रजेनंतर लॅबमध्ये परतल्यावर दूध कुठे काढायचं याबद्दल त्या तरतुदीत काही नाही. माझ्या ओळखीची एक सीनियर सेंट्रीफ्यूजच्या खोलीत दाराला स्टूल लावून बसायची.

आपल्याकडे एसटी स्थानकांवर आणि सरकारी कार्यालयांत हिरकणी कक्ष आहेत. नाव अगदी योग्य आहे, कारण हिरकणी ही कामावर गेलेलीच आई होती. गडावर दूध विकायला गेली, दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हं बाळ. कौतुक आपण कडा उतरण्याचं करतो. संशोधनाचा प्रश्न दरवाज्याच्या वेळेचा आहे.

तर कोणाला विषय हवा असेल तर हा घ्या. एखाद्या विभागातले एसटी आगार किंवा एखाद्या जिल्ह्यातल्या सरकारी कचेऱ्या क्लस्टर म्हणून घ्या. खोली, ठरलेली सुट्टी आणि बदली माणूस या तिन्ही गोष्टी काही ठिकाणी आधी आणि काही ठिकाणी सहा महिन्यांनी सुरू करा. क्रम चिठ्ठीने ठरवा. त्यामुळे कोणालाच कायमचं वगळावं लागत नाही आणि नैतिक समितीही ऐकून घेईल. सुट्टी कागदावर किती दिली यापेक्षा प्रत्यक्षात किती मिनिटं मिळाली, ते मोजा. आणि मोजणी रजेवरून परतलेल्या बायकांपासून सुरू करू नका. ज्यांना जमणार नव्हतं त्यांनी तोवर नोकरी सोडलेली असते, त्या तुमच्या यादीत येतच नाहीत आणि उपाय न केलेलं आगारही छान दिसायला लागतं. नावनोंदणी गरोदरपणात करा, आणि राजीनामा दिलेली बाईसुद्धा शेवटच्या तक्त्यात तिच्याच आगाराच्या खात्यात मोजा.