कादंबरी कुठवर आली?

कादंबरी हा एकान्तात वाचावयाचा वाङ्मयप्रकार आहे, हे टीकाशास्त्राने जवळजवळ गृहीत धरले आहे. नाटकाला प्रेक्षागृह लागते, कीर्तनाला श्रोतृसमुदाय लागतो. कादंबरीला वाचक आणि दिवा एवढे पुरते. वॉल्टर बेंजामिन याने कथेकऱ्यावरील आपल्या १९३६ च्या निबंधात कादंबरीचा वाचक हा इतर कोणत्याही वाचकापेक्षा अधिक एकाकी असतो, असे मत मांडले आहे. तथापि या एकाकी वाचकाला दुसरा पुस्तकवेडा भेटला, की त्याच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो 'सध्या काय वाचता आहात?' हा. 'काय वाचले आहे?' असे तो सहसा विचारीत नाही. संपलेल्या पुस्तकापेक्षा चालू असलेल्या पुस्तकाविषयी त्याला अधिक कुतूहल असते. या वर्तमानकाळाचा अर्थ काय, आणि टीकेच्या दृष्टीने त्याला काही मूल्य आहे काय? समीक्षेचा व्यवहार पूर्ण वाचून झालेल्या कृतीशी असल्यामुळे हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहिला आहे. तो तसा राहू नये.

आज हा प्रश्न जेथे विशेष निकडीने उभा राहतो, असे एक ठिकाण म्हणजे बंगळूरमधील कोरमंगला. शहराच्या आग्नेय भागातील ही वसाहत एके काळी खेडे होती. आज तिच्या आठ ब्लॉकांतून देशाच्या सर्व प्रांतांतून आलेले नोकरदार राहतात, आणि एकाच जिन्यावर चार मातृभाषा नांदतात. सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी २००७ मध्ये 'फ्लिपकार्ट' सुरू केले, ते याच कोरमंगलातील एका सदनिकेतून. आणि आरंभी त्यांच्या विक्रीचा माल एकच होता, तो म्हणजे पुस्तके. ग्रंथव्यवहाराच्या इतिहासात ही घटना लहान नव्हे. आडगावच्या वाचकालाही हवे ते पुस्तक घरपोच मिळू लागले, हा या नव्या व्यापाराचा लाभ निर्विवाद आहे. परंतु पुस्तक विकत घेणे म्हणजे दुकानदाराशी आणि शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलणे, हा जो जुना परिपाठ होता तो या व्यापारात गळून पडला. 'हे पुस्तक घेणाऱ्यांनी तेही घेतले' या गणिताने संभाषणाची जागा घेतली. कोणी काय घेतले, हे या गणिताला कळते. घेतलेले पुस्तक मध्येच मिटून वाचकाने क्षणभर खिडकीबाहेर का पाहिले, हे त्याला कळत नाही.

आणि म्हणूनच असेल, ज्या वसाहतीतून हा अबोल व्यवहार वाढीस लागला तेथेच बोलण्याची गरज पुन्हा जाणवू लागली. 'अट्टा गलट्टा' हे भारतीय भाषांतील पुस्तकांना आणि काव्यवाचनांना आवर्जून जागा देणारे दुकान २०१२ मध्ये कोरमंगलातच निघाले; पुढे ते इंदिरानगरास गेले. कोरमंगलापासून काही किलोमीटरांवर असलेल्या कब्बन पार्कात २०२३ पासून 'कब्बन रीड्स' या नावाने वाचक शनिवारी झाडांखाली आपापले पुस्तक घेऊन मुकाट्याने वाचीत बसतात. ही पद्धत पुढे देशातील इतर शहरांनीही उचलली. या मौनवाचनात एक प्रतिष्ठा आहे. परंतु 'काय वाचता आहात?' या प्रश्नाचे उत्तर तेथे मुख्यतः मुखपृष्ठ देते. कोरमंगलातील कॉफीगृहांतून वाचकांच्या ज्या लहान बैठकी होतात, त्यांत हे उत्तर तोंडाने द्यावे लागते. प्रत्येकाची कादंबरी निराळी, तिची भाषा निराळी, आणि प्रत्येकजण आपापल्या कादंबरीत निराळ्या ठिकाणी पोचलेला. अशा वेळी वाचक जे बोलतो, ती टीका आहे काय?

मराठी वाचकाला ही परिस्थिती वाटते तितकी अपरिचित नाही. चातुर्मासात घरोघर 'पोथी लावण्या'ची चाल होती. 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' लागला, की आळीतील बायकामाणसे सायंकाळी जमत. एखादीचा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी ती 'पोथी कुठवर आली?' असे विचारी. या प्रश्नात वाचनाचे एक संपूर्ण समाजशास्त्र साठवलेले आहे. पोथी सर्वांची एक, तिची गती सर्वांची एक, आणि कथेचा शेवट सर्वांना आधीच ठाऊक. कंसाचे काय होणार, ही तेथे उत्कंठा नसते. आज त्या कथेतील कोणता भाग कानी पडणार, एवढीच असते. अभिनवगुप्ताने नाट्यप्रेक्षकांच्या एकघन प्रतीतीने रसाचा परिपोष होतो असे जे म्हटले आहे, त्याचे घरगुती रूप या श्रोतृवर्गात पाहावयास मिळे.

कादंबरीने या परिपाठात एक नवी गोष्ट आणली. शेवट कोणालाच ठाऊक नसावा, ही ती गोष्ट होय. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी १८९० मध्ये निघालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १८९३ मध्ये पुस्तकरूपाने आली. पुस्तकाच्या वाचकाला यमूचे वैधव्य आणि तिची विटंबना ही पूर्वनियोजित वाटते. हातातील उरलेल्या पानांची जाडीच त्याला काहीसा इशारा देत असते. 'करमणुकी'च्या वाचकाची स्थिती निराळी होती. यमू आणि रघुनाथराव मुंबईत बिऱ्हाड करून सुखाने राहू लागतात, तो भाग वाचून झाल्यावर पुढचा अंक येईपर्यंत ते सुख त्याच्या लेखी खरे होते, आणि टिकणारेही होते. त्या अवधीत कादंबरीचा शेवट सुखाचा होण्याचा संभव जिवंत होता. तो संभव पुढे मोडला, म्हणूनच यमूचे दुःख हे केवळ एका स्त्रीच्या नशिबाचे न राहता वाचकाच्या आशेचाही पराभव ठरले. आजचा अभ्यासक ही कादंबरी समाजसुधारणेचे साधन म्हणून तपासतो, तेव्हा तो आरंभापासूनच शेवटाच्या प्रकाशात वाचीत असतो. मध्यावरच्या वाचकाची आशा ही त्या कृतीच्या रचनेचाच एक घटक होती, हे त्याच्या दृष्टीतून निसटते.

येथे मूळ प्रश्नाचे उत्तर सापडू लागते. कादंबरी ही कालावधीची कला आहे. ती दिवसेंदिवस वाचकाच्या आयुष्यात मुक्काम करते. त्याच्या नोकरीवर, प्रवासावर, आजारपणावर तिची सावली पडते, आणि त्यांचीही तिच्यावर पडते. हा मुक्काम चालू असताना वाचकाने दिलेली साक्ष आणि मुक्काम संपल्यावर दिलेला निर्णय, या दोन भिन्न गोष्टी आहेत. निर्णयाला सर्वज्ञता लागते. साक्षीला केवळ प्रामाणिकपणा लागतो. समीक्षेने निर्णयाची प्रतिष्ठा वाढविली आणि साक्षीची नोंद ठेवण्याचे सोडून दिले.

यावर एक बळकट आक्षेप संभवतो. अर्धवट वाचलेल्या कृतीविषयी बोलणे हे तिच्यावर अन्याय करणे नव्हे काय? भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'चे (१९६३) उदाहरण घ्यावे. पुण्याच्या वसतिगृहातील पांडुरंग सांगवीकराची हकीकत वाचीत असलेला वाचक ही एक तिरकस, विनोदी, महाविद्यालयीन जीवनाची टवाळी करणारी कादंबरी आहे, असे सांगेल. धाकट्या बहिणीच्या मृत्यूपाशी पोचलेला वाचक याच्या नेमके उलट सांगेल. पहिल्याचे विधान चुकीचे आहे, असे आक्षेपक म्हणेल. वस्तुतः ते अपुरे आहे; चुकीचे नाही. पहिला वाचक जे हसला ते लेखकाने योजलेलेच हसू होते, आणि ते हसू खरे नसते तर पुढचा आघात इतका खोल गेला नसता. दोन्ही वाचक एका टेबलाशी बसले, तर त्यांच्या दोन साक्षींच्या मधल्या अंतरात 'कोसला'ची रचना स्वच्छ दिसते. सर्व काही वाचून झालेल्या टीकाकाराला हेच अंतर मोठ्या प्रयासाने पुन्हा निर्माण करावे लागते. अर्थात यासाठी पुढे गेलेल्या वाचकाने मागच्याला 'पुढे वाचा' एवढेच म्हणून थांबण्याचा संयम बाळगला पाहिजे. हा संयम म्हणजे केवळ शिष्टाचार नव्हे; दुसऱ्याच्या अज्ञानाचा आदर करणे, ही रसिकतेचीच एक कसोटी आहे.

दुसरा धोका अधिक वास्तव आहे. 'सध्या काय वाचता आहात?' याचे उत्तर पुष्कळदा नामावलीत विरून जाते. वर्षाकाठी किती कादंबऱ्या वाचल्या याचा आकडा सांगितला जातो, आणि पुस्तकाचे नाव हे अभिरुचीचे पदक होऊन बसते. अशा उत्तरात कादंबरी नसतेच, वाचणाराच असतो. याची परीक्षा सोपी आहे. सांगणाऱ्याला कादंबरीत कोठे अडले, कोणत्या पात्राचा राग आला, कोणते प्रकरण कंटाळ्याने उलटावेसे वाटले, हे विचारावे. ज्याला कोठेच अडलेले नाही, त्याने वाचलेले नाही. उलट, 'गेले आठ दिवस पान उलटत नाही' ही कबुली कित्येक परीक्षणांपेक्षा कादंबरीविषयी अधिक सांगून जाते.

तिसरी अडचण भाषेची आहे, आणि कोरमंगलात ती सर्वांत तीव्र आहे. कन्नड, तमिळ, मल्याळी, हिंदी आणि मराठी वाचक एकत्र बसले, की बोलणे इंग्रजीत होते. तेथे मराठी वाचकाने 'कोसला'ची हकीकत सांगितली, तर ती एका अपयशी विद्यार्थ्याची हकीकत उरते. पांडुरंगाचे 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे', ज्यांच्या आधाराने त्या कादंबरीचा सारा स्वर उभा आहे, ते बाहेरच राहतात. सुधाकर मराठे यांनी १९९७ मध्ये ही कादंबरी इंग्रजीत आणली, म्हणून श्रोत्याला निदान पुढची वाट आहे. जिला इंग्रजी अनुवाद नाही, ती कादंबरी अशा बैठकीत नावापुरतीच उरते. हळूहळू सांगणाराही इंग्रजीत मिळणाऱ्याच कादंबऱ्या वाचू लागतो, म्हणजे श्रोत्याची सोय ही वाचकाची निवड ठरू लागते. एकत्र वाचनाच्या या हौसेत खरी जोखीम आहे ती ही.

यावरचा उपायही याच भूभागाच्या वाङ्मयेतिहासात आहे. एस. एल. भैरप्पा, ज्यांचे सप्टेंबर २०२५ मध्ये बंगळुरात निधन झाले, त्यांच्या कादंबऱ्या मराठी वाचकाला आपल्याच वाटाव्यात इतक्या परिचित आहेत. याचे श्रेय उमा कुलकर्णी यांच्या अनुवादांना आहे. या अनुवादांमागची रीत त्यांनी 'संवादु अनुवादु' या आत्मकथनात सांगितली आहे. त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी यांची मातृभाषा कन्नड. त्यांनी मूळ मजकूर वाचून दाखवावा, उमाबाईंनी तो कानांनी ऐकून मराठीत उतरवावा, असा हा क्रम होता. विरूपाक्ष यांनी मराठीतून कन्नडमध्येही अनुवाद केले. येथे 'सध्या काय वाचता आहात?' या प्रश्नाला उत्तर म्हणून कथासार मिळाले नाही, आवाज मिळाला. आणि दोन भाषांच्या मध्ये तिसरी भाषा आली नाही. पोथी लावण्याचा जुना परिपाठ एका घरात, दोन माणसांत पुन्हा सुरू झाला, आणि त्याचे फळ सर्व मराठी वाचकांच्या पदरात पडले. अनुवादक हा कादंबरीच्या मध्यावर सर्वांहून अधिक काळ राहणारा वाचक असतो, ही गोष्ट या उदाहरणाने पटावी.

कोरमंगलातील वाचकांच्या बैठकींनी यातून काही घेण्याजोगे आहे. सारांश सांगण्याऐवजी एखादे पान मूळ भाषेत वाचून दाखवावे. अर्थ न कळला तरी स्वर कळतो. आणि शेजारच्या भाषेतील कादंबरी, शक्य असेल तेथे, इंग्रजीचा वळसा न घेता वाचावी. असे घडल्यास काय होईल, याची कल्पना करणे कठीण नाही. एक कन्नड वाचक 'वंशवृक्ष' मूळातून वाचीत आहे. त्याचा मराठी शेजारी तीच कादंबरी मराठीतून वाचीत आहे. दोघांनाही एकमेकांची कादंबरी कुठवर आली, हे जाणून घ्यावयाचे आहे. पृष्ठांक सांगून भागणार नाही. दोन्ही आवृत्त्यांची पाने जुळत नाहीत. तेव्हा विचारावे लागेल: कात्यायनीने नंजनगूडचे घर सोडले काय? मुलाला मागे ठेवून ती निघाली, तेव्हा श्रोत्रींविषयी तुमचे मत काय झाले? पुढे गेलेल्याला श्रोत्रींच्या स्वतःच्या जन्माविषयी काही ठाऊक झालेले असेल, तर तो क्षणभर गप्प राहील, आणि मागचा त्या गप्प राहण्यावरून समजेल की विधवेच्या पुनर्विवाहाची म्हणून तो जी कादंबरी वाचीत आहे, ती त्याहून काही निराळी आहे.

पृष्ठांक टाकून देऊन अर्थाच्या खुणांनी कादंबरीतील ठिकाण सांगणे, याहून समीक्षेचे काम तरी निराळे ते काय? ते आज अकादमीच्या सभागृहांपेक्षा एखाद्या कॉफीच्या टेबलाशी अधिक सहजपणे होत असेल, तर समीक्षकांनी त्याचे वैषम्य मानू नये. त्यांनी तेथे जाऊन बसावे, आणि आपली कादंबरी कुठवर आली ते सांगावे.